फौंटन्स मठाचा स्थापना-वृत्तान्त : एक परीक्षण

इंग्लंडांतील यॉर्कशायरमध्यें फौंटन्स या सिस्टर्शियन मठाचे भग्नावशेष आहेत. यॉर्क येथील सेंट मेरी मठांतून निघालेल्या १३ साधूंनीं तो इ. स. ११३२ त स्थापिला, इ. स. १५३९ त तो आठव्या हेन्रीच्या स्वाधीन झाला.

स्थापनेचा वृत्तान्त कर्कस्टॉलच्या ह्यू नामक साधूनें तेराव्या शतकाच्या आरंभीं, अतिवृद्ध सर्लोच्या तोंडून ऐकून लिहिला. सर्लो त्या तेरांपैकीं नव्हे. तो मागाहून मठांत आला. अर्थात् एल्म वृक्षाखालीं काढलेल्या दिवसांचें वर्णन कितीहि हृद्य असलें तरी तें श्रुत होय, दृष्ट नव्हे. इ. स. १९७९-८० च्या उत्खननांत चर्चच्या दक्षिण बाहूखालीं लांकडी इमारतींच्या खुणा सांपडल्या. त्यांवरून दगडी बांधकामापूर्वींची लांकडी वसति सिद्ध होते, एल्मची कथा नव्हे.

आर्चबिशप थर्स्टनचें पत्रहि वृत्तान्तांत उतरून घेतलें आहे. त्याच्या अस्सलपणाविषयीं विद्वानांत वाद झाला आहे. पत्र म्हटलें कीं प्रमाण, हा नियम येथें पुरत नाहीं. त्याची नक्कलहि तपासलीच पाहिजे.

तथापि ग्रंथ त्याज्य नव्हे. मठाच्या तिसऱ्या पिढीनें आपल्या पूर्वजांस कोणत्या रूपांत पाहिलें, याचा तो उत्तम साक्षी आहे. मात्र दृष्ट, श्रुत व उद्धृत हीं एकाच तराजूंत घालूं नयेत. आपल्या बखरी वाचतांनाहि हाच विवेक ठेवावा लागतो.