‘बदललं आहे’ ही खूण पुसायची कोणी?

आज टीका करायची आहे ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या एका सवयीवर.

विम किंवा ईमॅक्समध्ये फाईल उघडली की तिची प्रत मेमरीत येते. तिला बफर म्हणतात. त्यात एक अक्षर बदललं की एडिटर खूण लावतो: विममध्ये अधिकचं चिन्ह, ईमॅक्समध्ये दोन तारे. अर्थ एवढाच, की पडद्यावरचं अजून डिस्कवर गेलेलं नाही. अनडू करत जतन केलेल्या मजकुरापर्यंत मागे आलात, तर दोन्ही एडिटर ही खूण आपणहून काढतात. म्हणजे ती वस्तुस्थिती सांगते.

पण स्क्रिप्टमधून ती एका ओळीत पुसता येते. विममध्ये ‘सेटलोकल नोमॉडिफाइड’. ईमॅक्समध्ये ‘सेट-बफर-मॉडिफाइड-पी’ला ‘निल’ द्यायचं. गोम इथंच आहे.

समजा, आपल्या जिल्ह्यातल्या १६ तालुक्यांची यादी आहे. तालुका केळापूर, मुख्यालय पांढरकवडा. त्यामुळे तालुक्याच्या रकान्यात दोन्ही नावं पडतात. स्क्रिप्टनं सगळीकडे केळापूर केलं आणि शेवटी खूण पुसली. का? तर बंद करताना विम अडवतं, त्याचा कंटाळा! आता ‘क्यू’ दिलं की विम गुपचूप बंद होतं. रीतसर बंद झाल्यामुळे स्वॅप फाईलही जाते. डिस्कवर जुनीच यादी, दुरुस्ती गायब.

मग खूण कधीच पुसू नये का? तसं नाही. विममध्ये ‘बफ-राइट-कमांड’ वापरून लिहिण्याचं काम स्क्रिप्टनं स्वतःकडे घेतलं, तर लिहिणं यशस्वी झाल्यावर खूण काढणं हे तिचं कामच आहे. पण यशस्वी झाल्यावरच, बरं का. बफरला फाईलच नसेल, नुसता निकाल दाखवायचा असेल, तर ‘बफटाइप’ला ‘नोफाइल’ द्या. ईमॅक्समध्ये मजकूर न बदलता फक्त रंग चढवायचा असेल, तर ‘विथ-सायलेंट-मॉडिफिकेशन्स’ आहे. या सोयी बफर कसला आहे, बदल कसला आहे, हे सांगतात. नुसती खूण पुसणारी ओळ काहीच सांगत नाही. म्हणून ती वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: हिच्या आधी लिहिणं झालं का?

आपल्याकडे शेतीचा फेरफार तलाठी नोंदवतो आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. प्रलंबित नोंद कोणी मधेच खोडून ‘काही बदललंच नाही’ म्हणालं, तर आपण चालवून घेऊ का? बदल करणारी स्क्रिप्ट तलाठ्याच्या जागी आहे. प्रमाणपत्र डिस्कवर लिहिलं गेल्यावरच मिळतं. तोवर ते दोन तारे राहू द्या. बंद करताना एडिटर एकदा विचारेल, एवढंच.