कपाटातील चित्रपट

जी कलाकृती रसिकास पुन्हा पाहावयास मिळत नाही, तिच्यावरील टीका ही टीका न राहता आख्यायिका होते. आपल्याकडील जुन्या चित्रपटांविषयीचे पुष्कळसे लेखन या जातीचे आहे. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’पुढे (१९३६) ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) उणा पडतो, असे माझे मत आहे. दोन्ही चित्रे दामले-फत्तेलालांचीच. परंतु पहिल्यात आवलीच्या संसाराची धग चमत्कारांस जमिनीवर धरून ठेवते, तर दुसऱ्यात चालती भिंत व रेड्यामुखीचे वेद हेच मनावर अधिक ठसतात आणि अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) जन्मलेल्या शाहू मोडकांचा शांत अभिनय मागे पडतो. हे मत खरे की खोटे, हे वाचकाने चित्रे पाहूनच ठरवावे. सुदैवाने ही दोन चित्रे आज पाहावयास मिळतात. सर्वांचेच भाग्य असे नाही.

मालक जुनी चित्रे कपाटात का ठेवतात? त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. जुनी फीत नायट्रेटची, ज्वालाग्राही व कालांतराने विरणारी. तिची दुरुस्ती खर्चाची आणि प्रेक्षक थोडे. जुन्या करारांत दूरचित्रवाणीचा किंवा इंटरनेटचा उल्लेख कोठून असणार? तेव्हा उद्या कोणाचे तरी वारस दावा लावतील, ही धास्ती. परंतु याहून निराळा हेतूही असतो, तो टंचाईने किंमत वाढविण्याचा. आपली चित्रे थोडा काळ विक्रीस काढावयाची व पुन्हा मागे घ्यावयाची, असा परिपाठ डिस्ने कंपनीने कित्येक वर्षे ठेवला होता. हिचकॉकच्या मालकीची ‘व्हर्टिगो’, ‘रिअर विंडो’ आदी पाच चित्रे वर्षानुवर्षे प्रदर्शनाबाहेर होती. तो १९८० साली वारल्यानंतर, १९८३-८४ मध्ये, ती लोकांपुढे पुन्हा आली.

आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क आज ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने १९४० चे चित्र २००० साल सरताच सर्वांचे झाले. पण हक्क सरला तरी कपाटाची किल्ली मालकाच्याच कमरेला राहते. कायदा नक्कल करण्याची मोकळीक देतो. जिची नक्कल करावयाची ती फीत मात्र देत नाही. बरे, फीत सरकारी संग्रहात गेली म्हणून काळजी मिटते असेही नाही. पुण्यास, पूर्वीच्या ‘प्रभात’च्याच आवारात, जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला व ‘प्रभात’च्या कित्येक मूळ फिती त्यात गेल्या.

येथे आमच्या जिल्ह्यातील नेवाशाची आठवण होते. शके १२१२ मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांस तिची शुद्ध प्रत सिद्ध करता आली, ती लोकांनी तिच्या नकला करून ठेवल्या होत्या म्हणूनच. नकलांत अपपाठ शिरले हे खरे. परंतु ग्रंथ जगला, आणि जगला म्हणूनच शुद्ध करता आला.

मालकाने मोबदला अवश्य घ्यावा. पण साठ वर्षांच्या हक्काच्या बदल्यात त्याने चित्राच्या उत्तम प्रती निदान दोन निरनिराळ्या संग्रहांत ठेवाव्यात आणि मुदत सरताच त्या अल्प शुल्कात सर्वांस खुल्या व्हाव्यात, असे बंधन न्याय्यच होय. नाहीतर पुढील पिढीच्या हाती टीकाकाराचा शब्द तेवढा उरेल, आणि तो पडताळण्यास चित्र नसेल.