वाफेवरची पालकवडी

पालकाची भजी पौष्टिक करायची म्हणून तीच भजी ओव्हनमध्ये भाजतात, तेव्हा मला वाईट वाटतं. भज्याचा कुरकुरीतपणा कढईतच जन्मतो. तापल्या तेलात पिठातलं पाणी वाफ होऊन उसळतं आणि बाहेर पडतं. ओव्हनमध्ये बेसन नुसतं वाळतं, घशाशी बसतं. उकडलेली पालकवडी अशी कुणाची नक्कल करत नाही. ती कोथिंबीरवडी-अळूवडीच्या घराण्यातली. तिथे मान आधी वाफेचा, तेल मागाहून.

तिचं खरं मर्म पीठ भिजवण्यात आहे. बारीक चिरलेल्या पालकाला मीठ, हळद, वाटलेलं आलं-मिरची आणि ओवा चोळायचा नि जरा थांबायचं. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. मिठानं ते सुटतं आणि मघाशी परातभर दिसणारी भाजी बघता बघता मूठभर होते. मग त्यात मावेल तेवढंच बेसन आणि थोडं तांदळाचं पीठ. वरून पाण्याचा थेंबही नको. पीठ पालकाच्याच अंगच्या पाण्यात भिजतं, म्हणून घासाला पालक आधी लागतो. बेसन असतं ते त्याला धरून ठेवण्यापुरतं. भज्यात हे नेमकं उलटं असतं. सोडाही घालू नये. त्यानं वडी हलकी होईल, पण क जीवनसत्त्व आणखी घटतं.

तेलाचा हात फिरवलेल्या ताटलीत थापून पंधरा-वीस मिनिटं वाफवायची. सुरी कोरडी निघाली की झाली. वाफेनं पालकाचा हिरवा थोडा काळवंडतो, ते चालवून घ्यावं. गरम असताना कापली तर भुगा होतो. पुरती निवली की कापाची कड सुबक येते.

मग तवा, चमचाभर तेल, मोहरी, भरपूर तीळ. वड्या दोन्ही अंगांनी खरपूस होऊ द्यायच्या. हे चमचाभर तेलही वाचवायला निघालेल्यांशी माझं पटत नाही. पालकातलं बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. पालकातलं लोहही शरीर सहजी घेत नाही, लिंबू त्याला मदत करतं. म्हणजे जिभेला जे हवं, तेच इथे प्रकृतीलाही हवं आहे. लिंबू मात्र पानात वाढल्यावर पिळावं. आधी पिळलं तर खरपूस कड मऊ पडते.