अधिनियमातील अनुपस्थित रोगी

कायद्याचे परीक्षण करताना तो कोणास शिक्षा करतो एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाची दखल घेतो, हेही पाहावे लागते. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात गांजाविषयक दोन शासकीय लेख या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगे आहेत : १८९४ चा भांग-गांजा आयोगाचा अहवाल आणि गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५.

१८९३ साली आयोग नेमला गेला तेव्हा तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. आयोगाने देशभरातील १,१९३ साक्षीदारांची मते नोंदविली. त्यांत डॉक्टरांप्रमाणेच वैद्य-हकीमही होते. आयोगाने संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. अबकारी उत्पन्नात परकीय सत्तेचे हितसंबंध गुंतलेले होते, हे विसरता येत नाही. तथापि औषधोपयोगाचा विचार त्या अहवालात झाला आहे.

१९८५ च्या अधिनियमाचे कलम ८ वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनांना बंदीतून वगळते. वरवर पाहता येथे रोग्याची सोय दिसते. परंतु ही सूट अधिनियमाने व नियमांनी ठरविलेल्या रीतीने आणि मर्यादेतच मिळते. म्हणजे पूर्वार्धात दिलेले उत्तरार्धात नियमांच्या स्वाधीन होते. नियम नसतील तर सूट कागदावरच राहते. कलम १० राज्यांना लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार देते, पण कर्तव्य लादत नाही. व्याख्यांच्या कलमात ‘व्यसनी’ची व्याख्या आहे, ‘रोग्या’ची नाही. हा केवळ शब्दाचा अभाव नव्हे. ज्याची व्याख्या नाही, त्याला मागणी करण्यास कायद्यात जागाही नाही.

हा दोष असाध्य नाही, हे मॉर्फीनच्या उदाहरणावरून दिसते. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा वर्ग निर्माण झाला. मॉर्फीनसह सहा औषधे त्यात आली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती मिळविण्याचा मार्ग सुकर झाला. गांजापासूनचे कोणतेही औषध त्यांत नव्हते.

यावर असा आक्षेप येईल की, गांजाचे औषधमूल्य मॉर्फीनइतके सिद्ध नाही. आक्षेप रास्त आहे. चिलीम हे औषध नव्हे. परंतु शुद्ध कॅनॅबिडिऑलला अमेरिकेत २०१८ साली बालवयातील दोन दुर्धर अपस्मारांसाठी मान्यता मिळाली. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजास सर्वांत कठोर अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले; भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते. आपल्याकडील औषधविषयक नियमांतही भांग आयुर्वेदीय विषद्रव्यांच्या ई-१ अनुसूचीत, वैद्यकीय देखरेखीच्या अटीसह, नोंदलेली आहे. निषेध आणि मान्यता अशा रीतीने एकाच व्यवस्थेत शेजारी नांदत आहेत.

या दोन जिल्ह्यांत उसाच्या फडात लपविलेली गांजाची झाडे पकडल्याची वृत्ते वेळोवेळी येतात. या वनस्पतीची सार्वजनिक नोंद बहुधा गुन्ह्याचीच होते. माण-खटाव किंवा जत-आटपाडीहून मिरजेस उपचारार्थ येणाऱ्या कर्करोग्याच्या वेदनेची नोंद या कायद्यात कोठे व्हावी? घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात आरोग्याचा अंतर्भाव न्यायालयांनी केला आहे. त्या हक्काशी अधिनियमाचा मेळ घालावयाचा तर बंदी सैल करण्यापूर्वी रोग्याची व्याख्या, प्रमाणित औषध आणि उत्तरदायी चिकित्सक या तीन गोष्टी नियमांत याव्या लागतील. त्या येईपर्यंत कलम ८ मधील ‘वैद्यकीय’ हा शब्द वाचकास आश्वासक वाटला, तरी रोग्यास तो निरुपयोगीच राहील.