दास्तानीतला हकीम आणि खेळातला हीलर

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मागे आठवीच्या वर्गाला ‘माझे आवडते पात्र’ हा निबंध दिला होता. बहुतेकांनी टिपू सुलतान, शिवाजी महाराज, अब्दुल कलाम लिहिले. एका मुलीने मात्र मोबाईलवरच्या खेळातल्या हीलरवर, म्हणजे जखमी साथीदारांना बरे करणाऱ्या पात्रावर लिहिले. हेच पात्र का, असे विचारले तर म्हणाली, “सर, लडाई दूसरे करते, मैं उनकू बचाती.”

या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. नांदेडची डॉक्टर लेन आणि लातूरचा ट्यूशन एरिया ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. एका ठिकाणी खेड्यापाड्यांतून आलेले रुग्ण फाईल छातीशी धरून बसलेले असतात, तर दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होण्यासाठी आलेली हजारो मुले. २०१८ पासून नीट उर्दूतूनही देता येते, युनानीच्या पदवीचा प्रवेशही त्याच परीक्षेतून होतो. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही घरोघरी हेच स्वप्न आहे. बरे करणारा माणूस कसा असतो, याचे चित्र मात्र या मुलांनी कोठून घ्यावे? आमच्या अद्भुत वाङ्मयात ते सापडते काय, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला दाखला अल्फ लैलाचा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात या गोष्टी मराठीत आणल्या, त्यामुळे हे दालन मराठी वाचकाला परके नाही. यात दूबान हकीमाची कथा आहे. युनान बादशहाला कुष्ठरोग झालेला असतो. दूबान त्याला काढा देत नाही की लेप लावत नाही. चौगानच्या काठीची मूठ पोकळ करून तो तीत औषध भरतो. बादशहा खेळून घामाघूम होतो, औषध तळहातातून अंगात मुरते आणि रोग जातो. मग मत्सरी वजीर कान भरतो, की जो नुसती काठी धरायला लावून बरा करतो, तो काही हुंगायला देऊन मारूही शकेल. बादशहा हकीमाचा शिरच्छेद करवतो. हकीम मागे एक पुस्तक ठेवतो. त्याची चिकटलेली पाने बोट ओले करून उलटता उलटता विष बादशहाच्या पोटात जाते.

ही कथा लोक कृतघ्नतेची म्हणून सांगतात. आम्हास ती भीतीची वाटते. ज्याच्या हाती आपला जीव असतो त्याच्याविषयी मनात आदर आणि संशय दोन्ही राहतात. आज दवाखान्यात तोडफोड होते तेव्हा हाच वजीर कोणाच्या तरी कानाशी लागलेला असतो. पण कथेचा शेवट हकीमालाही सोडत नाही. त्याची विद्या अखेरीस सूडाच्या कामी येते.

दुसरा दाखला गुलबकावलीचा. फोर्ट विल्यम कॉलेजात निहालचंद लाहोरींनी हा किस्सा उर्दू गद्यात लिहिला आणि पंडित दयाशंकर नसीम यांनी ‘गुलजारे नसीम’ ही मस्नवी केली. बादशहा जैनुल मुलूक आंधळा होतो. बकावलीचे फूल डोळ्यांना लावले तर नजर येईल, असे हकीम सांगतात आणि किस्स्यातून निघून जातात. त्यांना ना नाव, ना वाट. धाकटा शहजादा ताजुल मुलूक परीच्या बागेतून ते फूल चोरून आणतो, भाऊ ते त्याच्याकडून हिसकावतात आणि बापाला नजर येते. किस्सा मात्र येथे संपत नाही. पुढे राजा इंद्राच्या शापाने त्याच बकावलीचे कमरेखालचे अंग दगडाचे होते. जिच्या फुलाने परक्या बादशहाचे डोळे उघडले, तिच्या दुखण्यावर त्या फुलाचा उपयोग नाही. टीकाकारांनी या किस्स्याच्या भाषेवर व इश्कावर पुष्कळ लिहिले. या विसंगतीकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही, असे आमचे मत आहे.

तिसरा दाखला हातिमताईचा. हरणीला वाचवण्यासाठी हातिम आपल्या मांडीचे मांस कापून लांडग्याला देतो आणि जखमी होऊन झाडाखाली पडतो. त्याला बरे कोण करतो? एक कोल्हा. तो दूर माजंदरानला जाऊन औषध आणतो. सनद नाही, दरबार नाही. तीन किस्स्यांत आम्हास हाच वैद्य सर्वांत मोठा वाटतो, कारण तो औषधाचे नाव सांगून थांबत नाही, स्वतः चालत जातो.

आता त्या मुलीच्या खेळाकडे येऊ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. एकजण किस्सा चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन फासे टाकतात. दास्तानगो आणि श्रोते एकाच बैठकीत खेळू लागले, असे समजावे. त्यात क्लेरिक नावाचे पात्र होते. ते प्रार्थनेच्या बळावर जखमा भरत असे आणि धारदार शस्त्र हाती धरत नसे. हे वाचताना आम्हास जुन्या हकीमांचे नुस्खे आठवले. त्यांच्या माथ्यावर ‘हुवश्शाफी’ लिहिलेले असे, म्हणजे बरे करणारा तोच. दोन्हीकडे वैद्य म्हणतो की शिफा माझी नाही.

या खेळांनी एक मोठे काम केले. आमच्या किस्स्यातला हकीम दरबारात राहिला, त्यांनी त्याला काफिल्यात आणले. हीलर सर्वांबरोबर चालतो आणि त्याच्यावाचून टोळी पुढे जात नाही. तथापि तेथे जखम हा केवळ आकडा आहे. आकडा भरला की दुखणे संपले. कोणी कृतज्ञ होत नाही, कोणी संशय घेत नाही, रात्रभर उशाशी बसावे लागत नाही. हीलर वेळेवर धावला नाही तर साथीदार त्यालाच बोल लावतात. दूबानचा बादशहा येथेही आहेच.

म्हणून दोन्ही वाचावे, असे आम्ही मुलांना सांगतो. खेळातून सोबत शिकावी. किस्स्यातून हे शिकावे की बरे करण्याची किंमत कोणीतरी देतो आणि पुष्कळदा ती देणाऱ्याचे नावही राहत नाही. आमच्या घरांत ही किंमत बहुधा बाई देते. सासऱ्यांचे पथ्यपाणी पाहणारी सून, रात्रपाळी करून सकाळी स्वयंपाकाला लागणारी नर्स, मोहल्ल्यातली दाई. मराठीत लिहिणाऱ्या आमच्या कथाकारांनी तलाक, गरिबी, दंगल यांवर कळकळीने लिहिले आणि ते आवश्यकच होते. पण या बायांची कथा अजून बरीचशी लिहायची राहिली आहे.

त्या मुलीला आम्ही दहापैकी आठ गुण दिले आणि हातिमताईचे पुस्तक वाचायला दिले. परत करताना ती म्हणाली, “सर, कोल्हेकू कुछ इनाम मिलना था.” आमच्या मते किस्स्यावरची ही टीका रास्त आहे.