बंब आणि वॉल-ई

आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीतले ठोके ऐकू येतील इतक्या अंतरावर. त्यामुळे धातूच्या आवाजाबद्दल चार शब्द बोलायचा अधिकार मला जन्मतःच मिळालेला आहे, असं मी समजतो. घरात तसं कुणी समजत नाही.

परवा नातवाने 'वॉल-ई' दाखवला. पिक्सारचा २००८ सालचा चित्रपट. माणसांनी कचरा करून सोडून दिलेल्या पृथ्वीवर एकटाच उरलेला, कचऱ्याच्या विटा पाडणारा यंत्रमानव. त्यातलं आवडलं ते घरी आणून जपायची त्याला खोड. "बघा, तुमचाच भाऊ," सौभाग्यवती म्हणाल्या. रोख न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबावर होता. गीझर आल्यापासून तो कोपरा धरून आहे. रविवारी तो भंगारवाल्याला द्यायचं एकमताने ठरलं होतं. मत एकच पडलं होतं. मी तटस्थ होतो.

तर चित्रपट. पहिला अर्धाअधिक तास जवळजवळ संवादच नाहीत. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन आणि त्याची मंडळी जेवणाच्या सुट्टीत चॅप्लिन आणि कीटनचे मूकपट बघत. (आमच्या कचेरीत त्या सुट्टीत रमी चाले, कामही त्याच मानाने होई.) बेसबॉलचा सामना बघता बघता स्टँटन हातातली दुर्बीण मधोमध वाकवत बसला. ती कधी हसरी, तर कधी रडवेली दिसायला लागली. तेच वॉल-ईचे डोळे! नाक नाही, तोंड नाही, तरी बिचाऱ्याच्या मनातलं सगळं कळतं.

आवाज बेन बर्टचे. 'स्टार वॉर्स'मधल्या आरटू-डीटूला वाचा दिली ती यानेच. वॉल-ई चालतो तेव्हा ऐकू येते ती हाताने फिरवायच्या जुन्या जनित्राची घरघर. उन्हात बसून पोट भरलं की ॲपलचा संगणक सुरू होतानाचा सूर वाजतो. आपण ढेकर देतो तसा. आणि गाणी? दुसऱ्या कुणी भविष्यातल्या यंत्राला नुसतं 'बीप बीप' लावलं असतं. इथे आहे १९६९ च्या 'हॅलो, डॉली!' या संगीतपटाची व्हिडिओ कॅसेट. पडद्यावरच्या जोडप्याने हातात हात घेतलेले बघून वॉल-ई स्वतःचेच दोन चिमटे एकमेकांत अडकवून पाहतो. इथे मला चष्मा पुसावा लागला.

माझी तक्रार आहे ती त्याच्या नायिकेबद्दल. ईव्ह अंड्यासारखी गुळगुळीत. सांधा नाही, स्क्रू नाही. तिला मुद्दाम तशी केलीय, हे कळतं. पण आमच्या आळीची ओळख म्हणजे मठारकाम. ठोके बसले की तांबं टणक होतं आणि चकाकतंही. ईव्हला एक ठोका म्हणून नाही; तिच्यावर जीव जडतो तो वॉल-ईच्या नजरेतून. पुढे यानावरची माणसं बोलायला लागतात, पळापळ सुरू होते आणि टॉमस न्यूमनसारखा गुणी संगीतकारही तिथे पळणाऱ्यांच्या मागे पळताना दिसतो.

शेवटाकडे मात्र चित्रपट पुन्हा गप्प होतो. दुरुस्त झालेला वॉल-ई सगळं विसरलेला असतो, आणि आयुष्यभर जपलेल्या स्वतःच्याच वस्तूंच्या विटा पाडायला लागतो. "अगं बाई!" हे मी नाही म्हणालो.

रविवारी भंगारवाला आला. त्याने बंबाच्या पोटावर टिचकी मारली. काय खणखणीत बोलला बंब!

"फक्त रद्दी आहे हो," आतून आवाज आला. "आणि तराजू नीट धरा."