'फ्रीकी अली' आणि पिशवी वाहणारा माणूस

थिल्लर विनोदी चित्रपटांचा विषय निघाला की वाङ्मयीन वर्तुळात नाके मुरडली जातात. पाहावे, हसावे, विसरावे, असा संकेत. परंतु यंत्रमागाची पाळी संपवून बऱ्हाणपूरचा कामगार ज्या चित्रपटाचे तिकीट काढतो, त्यात त्याच्यासारख्या माणसाची काय गत होते, हे पाहणे आम्ही कमीपणाचे मानीत नाही.

सोहेल खान दिग्दर्शित 'फ्रीकी अली' हा हिंदी चित्रपट 2016 च्या सप्टेंबरात प्रदर्शित झाला. मुंबईच्या वस्तीतील अली आधी चड्ड्या विकतो, मग हप्तेवसुलीत शिरतो आणि त्याच धंद्याच्या ओघात गोल्फच्या मैदानावर जाऊन पोहोचतो. गल्लीक्रिकेटात तयार झालेला त्याचा हात तेथे असा काही चालतो की भलेभले खेळाडू मागे पडतात. सांगाडा 1996 च्या 'हॅपी गिलमोर' या अमेरिकन चित्रपटाचा; तेथील नायक हॉकीवेडा, येथील क्रिकेटवाला. हा बदल वरवरचा नव्हे. खिडकीच्या काचा, गटार आणि शेजारणीची जीभ या तिन्ही गोष्टी सांभाळून चेंडू हवा तेथेच टाकण्याची विद्या गल्लीच शिकविते. त्या विद्येतून केवढा विनोद निघाला असता! शेजारच्या खंडव्याच्या किशोरकुमारांचा 'चलती का नाम गाडी' (1958) आठवावा. तेथील हशा मोटारदुरुस्तीच्या कामातूनच उगवतो. येथे तो बव्हंशी चड्डीवर आणि तोंडाळपणावर भागविला आहे. नवाजुद्दीन सिद्दिकी यांच्या कोरड्या चेहऱ्यामुळे पुष्कळसे फुटकळ संवाद तरून जातात, हे मान्य केले पाहिजे.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. अलीचे कसब ओळखतो तो किशनलाल नावाचा कॅडी. ही भूमिका आसिफ बसरा यांनी केली आहे. धनिकांच्या पिशव्या वाहणाऱ्या या माणसाला मैदानाचा चढउतार आणि गवताचा कल ठाऊक असणार. म्हणजे 'अनपेक्षित गोल्फपटू' आधीपासूनच मैदानात उभा आहे! दिग्दर्शक मात्र बाहेरून एक चमत्कार आणतो आणि जाणत्याला त्याच्या सेवेस लावतो. तुटलेला धागा क्षणात जोडणारी बोटे किती वर्षांनी तयार होतात, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्याला हा चमत्कार पचणे कठीण.

वास्तवाने तर याहून सरस कथा रचून ठेविली आहे. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीतील कॅडींनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या आणि प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन घरांमधल्या बोळांतच आपला गोल्फ मांडला. भिंतीच्या अलीकडे ओझे, पलीकडे खेळ: हास्य आणि डंख दोन्ही येथे आयते होते.

आणि आमच्याच मध्यप्रदेशातील महूचे मुकेशकुमार? 'फ्रीकी अली' नंतर तीन महिन्यांनी, 2016 च्या डिसेंबरात, वयाच्या 51 व्या वर्षी त्यांनी दिल्लीत पॅनासोनिक ओपन ही आशियाई दौऱ्यावरील स्पर्धा जिंकली. त्यांच्या कथेत विनोदास वाव नाही, असे कोणी समजू नये. एवढीशी भोके आणि एवढासा चेंडू यांपायी माणसाने पन्नाशी ओलांडावी, यात हसण्याजोगे काही नाही, असे कोण म्हणेल?